मेलेल्यांनी हलायचं नाही

मी, डॉ. कमलाकर विष्णू देवस्थळी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त भूलतज्ज्ञ, मूळचा मिरजेचा, सध्या मुक्काम पोर्ट्सवुड, साउथहॅम्प्टन, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे व घराचे काय करावे ते येथे स्वतःच्या हाताने मराठीत लिहून ठेवतो. १९९४ साली केलेले मृत्युपत्र आता रद्द समजावे. त्यात मी सर्व काही पत्नी सुनीतीला दिले होते, आणि सुनीती माझ्याआधी निघून गेली. माझा कॅन्सर स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. सकाळी आठचे मॉर्फिन आज मी मुद्दाम घेतलेले नाही, म्हणजे माझ्या शुद्धीबद्दल पुढे कोणी शंका काढायला नको. पस्तीस वर्षे लोकांची शुद्ध घालवणे आणि परत आणणे हाच माझा धंदा होता. शुद्ध म्हणजे काय ते मला वकिलापेक्षा जास्त कळते.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र कोणत्याही भाषेत चालते, फक्त पुढे अधिकृत भाषांतर लागते. भाषांतर करणाऱ्याने माझे टोमणे गाळू नयेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कलम पाच हे माझा मित्र कै. श्रीकांत माईणकर याच्या पत्नी शशीवहिनी यांच्यासाठी आहे. ते त्यांनी मी गेल्यावर वाचावे. आधी वाचू नये. ते वाचताना त्यांचा चेहरा बघायची माझ्यात हिंमत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा अनय, राहणार स्टॅनमोर, याने करावी. अनय हिशेबी आहे, वेळेवर येतो, आणि फोनवर दर रविवारी "बाबा, यू ओके ना?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता हवामानावर बोलतो. मी त्याला दोष देत नाही. मीही माझ्या वडिलांना मिरजेला पत्रात हवामानच लिहीत असे.

कलम २. अंत्यविधी विद्युतदाहिनीत, थोडक्यात. इचन कंपनीच्या लोकांना कळवावे, पण त्यांनी साध्या कपड्यांत यावे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: इचन कंपनी हे आमचे मध्ययुगीन लढाया उभ्या करणारे मंडळ. पोस्टमन, प्लंबर, दोन नर्सेस, एक इतिहासाच्या शिक्षिका आणि आम्ही दोघे मिरजकर. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी कुठल्यातरी शेतात तंबू ठोकायचे, चुलीवर सातूची पेज रटरटवायची, आणि दुपारी दोनला तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर सन १४१५ ची इंग्रज-फ्रेंच लढाई करायची. श्रीकांतने मला १९९८ मध्ये त्यात ओढले. शाळेत असताना गणपतीच्या मेळ्यात त्याला भालदार केले होते, ती हौस साठीला आली तरी फिटली नव्हती. फ्रेंच बाजूला माणसे नेहमी कमी पडत, कारण हरायला कोणाला आवडते? म्हणून आम्ही दोघे फ्रेंच. नऊ उन्हाळे फ्रेंच होतो आणि नऊही उन्हाळे मेलो.

माझ्या शवपेटीपाशी कोणीही ढोल वाजवू नये.

कलम ३. चीजवस्तू. बोथट तलवार नात अनुष्का हिला. ती मला विचारते, "आजोबा, तुझा तलवार माझा होणार का?" होणार, बाळा. तुझे मराठी कोणी दुरुस्त करू लागले तर ती तलवार दाखव. शिरस्त्राण पोस्टमन बॅरी याला. त्याचे डोके तेवढेच मोठे आहे. चुलीवरचा लोखंडी तवा सूनबाई वरदा हिला. माझ्या घरात पोळी फुगत असे ती फक्त त्याच तव्यावर.

चिलखताखाली घालायचा जाड अंगरखा सुनीतीने शिवलेला आहे. इंग्रज लोक तो विकत घेतात. सुनीती म्हणाली, "ही तर गोधडीच आहे, बाह्या लावलेली. इकडे आणा." तिने आपल्या जुन्या सुती साड्या थरावर थर घालून दोन अंगरखे शिवले, एक मला, एक श्रीकांतला, आत एकाच निळ्या साडीचे अस्तर. श्रीकांतचा अंगरखा अँब्युलन्सवाल्यांनी कात्रीने उभा कापला. माझा अखंड आहे. तो माझ्याबरोबर जाळावा, कोणाला घालू देऊ नये.

कलम ४. टेरेन्स गुडॉल, कंपनीचा कॅप्टन, याला एक चहाचा मग. त्याची हकिगत अशी.

आमच्यात दोन नियम फार कडक. पहिला: घाव बसला की पडायचे, आणि पडल्यावर हलायचे नाही. लढाई संपली की कॅप्टन ओरडतो, "डेड, अराइज!", मग सगळे मेलेले उठतात आणि लोक टाळ्या वाजवतात. दुसरा: कोणाला खरोखर लागले तर ज्याच्या लक्षात येईल त्याने "होल्ड!" अशी आरोळी द्यायची. ती ऐकली की घोडा, माणूस, ढोल, सगळे जागच्या जागी थांबते.

१९९९ मध्ये बॅरी माझ्या शेजारी पडला आणि असा काही आचके देऊ लागला की मी उठून तीनदा "होल्ड" ओरडलो. आठशे प्रेक्षक, सगळे चिडीचूप. बॅरी एक डोळा उघडून म्हणाला, "आय वॉज अॅक्टिंग, डॉक." त्या दिवसापासून टेरेन्सने माझे नाव डॉक्टर होल्ड ठेवले. जेवताना मीठ मागितले तरी हा ओरडणार, "होल्ड!" नाताळात सगळ्यांनी मिळून मला तेच नाव छापलेला मग दिला. मी हसलो, त्यातून सात वर्षे चहा प्यालो. टेरेन्स, तो मग तुझा तुला परत. तू वाईट माणूस नाहीस. पण थट्टा कुठे जाऊन लागते ते थट्टा करणाऱ्याला कधीच कळत नाही.

कलम ५. शशीवहिनी,

इथून पुढे मला कोर्टाची भाषा जमणार नाही.

तुम्ही दर बुधवारी डबा घेऊन येता आणि निघताना एकच वाक्य बोलता: "भाऊजी, तुम्ही यांच्याजवळ होतात, म्हणून मला झोप लागते." दीड वर्ष मी ते ऐकतो आहे. मी तुम्हाला सांगितलं की श्रीकांत एका क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या माणसालाही तेच सांगितलं. ते खोटं आहे.

२८ ऑगस्ट २००६, बँक हॉलिडेचा सोमवार. ऊन मरणाचं. सकाळी तंबूत मी त्याच्यावर तडकलो होतो. तुम्हाला ठाऊक आहे तो कसा मरायचा: आधी गुडघ्यावर, मग आकाशाकडे हात, मग दोन मिनिटं कण्हणं. तीन वर्षं ओळीनं उत्तम मरणाचा कप त्याच्याकडे. मी म्हटलं, "श्री, आज गपचूप मर. तमाशा नको. माझ्या शेजारी पडतोस आणि लोक आपल्या दोघांकडे बघत बसतात." तो म्हणाला, "कमल, तुला मरायची कलाच नाही रे."

लढाईत आम्ही नेहमीच्या जागी पडलो, कुंपणापासून साठ पावलांवर. मी पालथा, तो माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर. आमच्यात आणि लोकांत एक मेलेला घोडा होता, ताडपत्रीचा. थोड्या वेळानं तो म्हणाला, "कमल." एवढंच. एकदाच.

मी डोळे न उघडता म्हटलं, "गप पड."

वहिनी, माझ्या तोंडून त्यानं ऐकलेले शेवटचे शब्द हे आहेत.

मग त्याचा श्वास घोरल्यासारखा झाला. लांब, मग थांबलेला, मग पुन्हा लांब. मी आयुष्यभर दुसरं काही ऐकलेलं नाही, फक्त माणसांचे श्वास. ऑपरेशन थिएटरमध्ये पाठमोरा उभा राहूनसुद्धा मी सांगत असे की पेशंटचं काय बिनसतंय. तो श्वास कसला आहे हे मला दुसऱ्याच वेळी कळलं. कळलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. कळलं होतं.

आणि मी उठलो नाही. डोक्यात बॅरी आला, आठशे लोक आले, तो मग आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी फुंकतच बसलो. स्वतःशी म्हटलं, आणखी एक श्वास ऐकू. मग आणखी एक. हा मला पुन्हा मूर्ख बनवतोय, कप हवाय याला. मग श्वास आलाच नाही, आणि तरी मी पडून राहिलो, कारण आता टेरेन्स ओरडेलच, आता ओरडेल. चार मिनिटं असतील, पाच असतील. कुंपणापाशी प्रथमोपचाराची गाडी उभी होती. त्यात शॉक द्यायचं यंत्र होतं. साठ पावलं.

"डेड, अराइज" झालं. सगळे उठले. लोक टाळ्या वाजवत होते आणि श्रीकांतसाठी जास्तच वाजवत होते, कारण तो अजून पडून होता.

त्यानंतर मी जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, अँब्युलन्समध्ये चढलो. त्यावरून तुम्ही मला देवमाणूस ठरवलंत. मला हसतील म्हणून मी तुमचा नवरा मरू दिला. यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू? पण हे बरोबर घेऊन मला मरवत नाही, आणि तुमच्यासमोर बोलवत नाही. गेले कित्येक बुधवार तोंड उघडलं आणि भाजी छान झाली असं म्हटलं.

कलम ६. माझे पोर्ट्सवुड येथील राहते घर, मागील बागेसह, मी श्रीमती शशी श्रीकांत माईणकर यांना देतो. त्या आज भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. अनयला हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, व्हाय? इट्स आईचं घर." त्याचे उत्तर कलम पाचमध्ये आहे. काही कारणाने हे घर शशीवहिनींकडे गेले नाही तर ते अनयला जावे, तसेच वर न लिहिलेले सर्व काही अनयला जावे.

कलम ७. हे कलम आत्ता, दुपारी सव्वाबाराला वाढवतो. माझा बेत वेगळा होता.

सह्यांसाठी शेजारच्या जीन पेटिट आणि त्यांचे यजमान रॉन हे अकराला यायचे होते. रॉनची कंबर धरली, जीन एकट्याच आल्या. साक्षीदार दोन लागतात. तेवढ्यात शशीवहिनी डबा घेऊन आल्या आणि आत भाजी गरम करत ठेवली. बुधवार आहे हे मी दुखण्यात विसरलो होतो. जीन म्हणाल्या, "शी विल डू, वोन्ट यू, लव्ह?" मी म्हटलं, वहिनी चालणार नाहीत. वहिनींनी विचारलं, "का? मला सही येत नाही का?" मला सांगावं लागलं की ज्याला काही दिलं आहे त्याने साक्षीची सही केली तर ते देणं रद्द होतं, इथला कायदाच आहे.

"मला काय दिलंत तुम्ही?" म्हणाल्या, आणि कागद उचलला. मी सोफ्यावर आडवा होतो. हात पुढे करायचीही ताकद नव्हती.

त्यांनी उभ्यानंच वाचलं. पाचवं कलम वाचून पुन्हा मागे गेल्या आणि पहिल्यापासून वाचलं. आत जाऊन भाजीखालचा गॅस बंद केला, परत आल्या.

"'कमल' म्हणाले हे? नक्की?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात गप पड."

"हो."

"दीड वर्ष माझ्या हातचं जेवलात."

"हो."

जीन घाबरून विचारू लागल्या, काही चुकलं का. वहिनी त्यांना म्हणाल्या, "ही लेफ्ट मी द हाउस. आय डोन्ट वॉन्ट इट." मग माझ्याकडे वळल्या. "पेन द्या."

मी म्हटलं, "वहिनी, सही केलीत तर घर जाईल."

"वाचता येतं मला. तुमचं घर घेऊन मी काय करू? रोज त्या बागेकडे बघत मिनिटं मोजू? घर घेतलं की तुम्ही मोकळे झालात. मोकळं करणार नाही मी तुम्हाला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "यांचं शेवटचं जे काही होतं ते तुम्ही ऐकलंत. फक्त तुम्ही. ते असं कागदावर टाकून जायचं नाही. सही करा, ह्या बाईंना घरी जाऊ द्या, आणि मग मला तोंडानं सांगा. पहिल्या श्वासापासून. माझ्याकडे बघून."

"आणि मग?"

"मग मला माहीत नाही."

मी तसाच पडून होतो. मॉर्फिन नाही, पोटात सुऱ्या चालल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर डोळे मिटून घेतले होते. पालथा नव्हतो, एवढाच फरक.

वहिनी जवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उठा, भाऊजी. आडवं पडून सही होत नाही."

मी उठलो आहे. टेबलापाशी बसून हे लिहितो आहे. कलम सहाप्रमाणे शशीवहिनींना दिलेले घर त्यांच्या सहीने त्यांच्याकडे जाणार नाही, अनयकडे जाईल, हे मला समजले आहे व त्यांनाही. वरील सर्व मजकूर खरा आहे. राहिलेले सही झाल्यावर तोंडाने सांगायचे आहे, म्हणून लेखणी इथे ठेवतो.

स्थळ: पोर्ट्सवुड, साउथहॅम्प्टन
दिनांक: बुधवार, १२ मार्च २००८

सही: कमलाकर विष्णू देवस्थळी

ही सही आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी झाली.

साक्षीदार १: जीन पेटिट, शेजारीण. मजकूर वाचता येत नाही. सही होताना पाहिली.

साक्षीदार २: शशी श्रीकांत माईणकर. मजकूर दोनदा वाचला.