बटणं दाबायचं शिक्षण

दि. ११ मार्च

चि. फ्यूजबाईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र वाच. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, अशी धास्ती होती. म्हणून वरचा पत्ता ताईकडून लिहून घेतला आहे. तेव्हा फसवणुकीतला अर्धा वाटा तुझ्या आईचा.

इकडे सगळं ठीक. ताईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तुझे बाबा पेपर वाचता वाचता झोपतात आणि उठवलं की 'मी जागाच होतो' म्हणतात. माझं दुकान आहे तिथेच आहे. पत्राचं खरं कारण शेवटाकडे येईल. आम्हा वायरमन लोकांची रीतच तशी, आधी सगळी वायर ओढायची आणि मीटर सगळ्यात शेवटी.

बातमी अशी की, तुझ्या जुन्या शाळेच्या नव्या सभागृहातल्या रंगमंचाची प्रकाशव्यवस्था मी केली. हो, मीच. हसून झालं की पुढे वाच.

गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या. सभागृह बांधून झालं होतं, दिवे बसवायचे राहिले होते. म्हणाल्या, "शाळेचं सगळं वायरिंग तुम्हीच केलंत, हेही तुम्हीच करा." मी लगेच मान डोलावली. तीस वर्षं लोकांच्या घरात उजेड पाडतोय, एका स्टेजचं ते काय मोठंसं. टेप घेऊन गेलो, स्टेज मोजलं. तीस फूट रुंद, वीस फूट खोल. कागदावर चौकोन आखला आणि त्यातली इंचभर जागाही अंधारात राहणार नाही असा बंदोबस्त केला. समोरच्या पाइपवर ओळीने बारा दिवे, चार-चार दिव्यांना एक बटण, घरात असतं तसं. मागच्या पडद्यावर उजेड सांडू नये म्हणून दिव्यांची कड बरोबर पडद्याच्या बुडाशी आणून थांबवली. रिकाम्या स्टेजवर सगळे दिवे लावले आणि स्वतःवर इतका खूश झालो की शिपायाला हाक मारून दाखवलं. तोही 'वा' म्हणाला.

मग नाटकाच्या बाई मुलींना घेऊन आल्या. सात पुढे, सात मागे अशा उभ्या केल्या. पुढच्या सातजणींची तोंडं भाकरीसारखी सपाट, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. मागच्या सातजणींचे पाय झगझगीत, कपडे झगझगीत आणि डोकी अंधारात.

बाई म्हणाल्या, "काका, मागच्यांना तोंडंच नाहीत."

मी म्हणालो, "थोडं पुढे सरकवा की त्यांना."

"नाटकात सगळेच पुढे कसे उभे राहतील?"

मी 'ही तात्पुरती जोडणी आहे' असं ठोकून दिलं आणि घरी येऊन जेवलो नाही. तुम्हा नाटकातले दिवे करणाऱ्यांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवत असतील. उजेड वरून तिरका येतो. जमिनीवर जिथे पडतो, तिथल्या माणसाच्या फक्त पायांना लागतो. तोंडाला लागायचा असेल तर तो त्याच्या मागे चार-पाच फुटांवर जाऊन टेकला पाहिजे. मी जमीन मोजली होती. तिच्यावर माणूस उभा राहणार आहे, हे माझ्या हिशेबात धरलंच नव्हतं.

नंतर सगळं उतरवलं आणि नव्याने केलं. आता कसं केलंय ते ऐक. थोडी फुशारकी मारणार आहे, सहन कर. स्टेजचे सहा भाग पाडले, तीन पुढे, तीन मागे. प्रत्येक भागाला समोरून दोन दिवे, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही वरून तिरके, सकाळी दहाचं ऊन येतं तेवढे. डावीकडच्यापुढे किंचित पिवळा जिलेटीनचा कागद, उजवीकडच्यापुढे किंचित निळा. त्यामुळे तोंडाला दोन बाजू येतात आणि माणूस माणसासारखा दिसतो. शिवाय प्रत्येक भागाला मागून, वरून एक दिवा. त्याने केस आणि खांदे पडद्यापासून सुटे होतात. अठरा दिवे, अठरा लाइनी, कुठलाही दिवा एकटा कमी-जास्त करता येतो. लोड तिन्ही फेजवर सारखा, सहा-सहा. स्पीकरची वायर उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरपासून लांब फिरवली आहे, त्यामुळे स्पीकर घुमत नाहीत. सहा सॉकेट मोकळे ठेवलेत, उद्या कुणाला खिडकीतून ऊन आणायचं असेल तर. आणि प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी पोलादी दोरी, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा कुणाच्या डोक्यात पडायचा नाही. ही दोरीची गोष्ट तेवढी मला कुणी शिकवावी लागली नाही.

बाकीचं कुठे शिकलो, असं तू विचारशील. एका नाटकात पाहिलं.

बरं, नीटच सांगतो. तुझ्या नाटकात पाहिलं. सप्टेंबरात तीन रविवार, दुपारचे प्रयोग. तू मागच्या, दिव्यांच्या केबिनमध्ये असतेस हे ठाऊक होतं, म्हणून अंधार झाल्यावर आत शिरायचो आणि शेवटचे दिवे लागायच्या आत बाहेर. पहिल्या दिवशी स्टेजकडे पाहिलंच नाही, मान वर करून दिवे मोजत बसलो. शेजारच्या बाईंनी शेवटी हळूच सांगितलं, "काका, नाटक तिकडे चालू आहे." दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या मागे कोन काढले. तिसऱ्या दिवशी मात्र नाटक पाहिलं. ती म्हातारी कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असते आणि संध्याकाळ होते, तो प्रवेश. उजेड कधी कमी झाला ते मला कळलंच नाही, आणि मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. तीस वर्षं मी दिवे चालू केले आणि बंद केले. या दोन्हींच्या मध्ये एवढी जागा असते, हे मला माहीत नव्हतं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण शेजारच्याला सांगावंसं वाटत होतं की हे आमच्या फ्यूजने केलंय, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

तोंड का नव्हतं, ते तुला वाटतं त्याहून वाईट आहे.

आठ वर्षांपूर्वी तुला त्या संस्थेत प्रकाशयोजना शिकायला जायचं होतं. तुझ्या बाबांना आणि ताईला त्यातलं काही कळत नव्हतं. घरात दिव्यांतला जाणकार कोण, तर मी. म्हणून मला बघून यायला पाठवलं. येऊन मी सांगितलं, "बटणं दाबायला शिकवतात, दुसरं काही नाही. तीन वर्षांत मी शंभर वायरमन तयार करीन." विषय तिथेच मिटला. तू भांडलीस, दोन महिन्यांनी घर सोडलंस, कुठल्याशा नाटक कंपनीत केबली उचलल्यास आणि मग स्वतःच्या जोरावर त्याच संस्थेत शिकलीस. घरी आलीस आणि मी समोर आलो, की तुला नेमकी तेव्हाच तहान लागते आणि तू स्वयंपाकघरात जातेस. तुला वाटतं, मामा जुन्या विचारांचा, त्याला जे वाटलं ते तो बोलला. तसं नव्हतं.

तिथे तुझ्याच वयाच्या एका मुलीने मला सगळं दाखवलं. रिकाम्या स्टेजवर एक साधी लाकडी खुर्ची होती. तिने समोरून दिवा लावला, खुर्ची दिसली. मग तो घालवून एका बाजूने, खालून दुसरा लावला. मला असं वाटलं की आत्ताच कुणीतरी या खुर्चीवरून उठून गेलंय आणि आता परत यायचं नाही. ती म्हणाली, "काका, काय फरक वाटला?" मी विचारलं, "व्होल्टेज किती?" तिथली पोरं हसली. वाईट मनाने नव्हे, पण हसली. मी, ज्याला गावभर लोक उजेडातलं विचारतात, तो तिथे अडाणी ठरलो. घरी येईपर्यंत अंगाची लाही झाली होती, आणि मग मी तसं बोललो. तिथे काय शिकवतात ते मी पाहिलं होतं, फ्यूज. मी खोटं सांगितलं.

हे आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते जानेवारीत, आणि तेही शिडीवरून.

दिवे बसवून झाले की प्रत्येकाचा रोख धरायला स्टेजवर कुणीतरी उभं लागतं, तुला काय सांगायचं. मुलींना वर्ग होते. म्हणून ताईला नेलं. "मी काय करायचं?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही, खडूच्या खुणेवर उभी राहा आणि हलू नकोस." दुपारची वेळ, खिडक्यांना काळं कापड लावलेलं. ती उजेडात, मी शिडीवर दिव्यामागे, काळोखात. तिला मी दिसत नव्हतो. मला मात्र तिच्या कपाळावरची आठीन् आठी दिसत होती. पाच-सहा दिवे झाले. मग ती सहज म्हणाली, "तिच्याकडे असं कोण उभं राहतं रे?"

"असेल कुणीतरी."

"मी तिला दर रविवारी फोनवर जेवलीस का एवढंच विचारते. कामाचं कधी विचारलं नाही. तूच म्हणाला होतास ना, बटणं दाबायची असतात म्हणून."

मग मी सांगितलं. खुर्ची, व्होल्टेज, पोरांचं हसणं, सगळं. ती हलली नाही. शेवटी म्हणाली, "हलू नकोस म्हणालास म्हणून उभी आहे. नाहीतर शिडी हलवली असती."

मी म्हटलं, "हलव."

"अजून किती दिवे राहिलेत?"

"बारा."

"ते कर आधी."

बाराही दिवे होईपर्यंत ती एकेका खुणेवर जाऊन उभी राहिली. गुडघा दुखत असणार, पण बसली नाही. पुढे आठवडाभर तिच्याकडून रोज येणारा माझा जेवणाचा डबा आला नाही. आठव्या दिवशी आला, तेव्हा ती स्वतः घेऊन आली होती. म्हणाली, "तिला तू लिही. मी सांगणार नाही. तुझं खोटं मी का वाहू?" बरोबरच होतं तिचं. मी होय म्हणालो आणि पुन्हा महिनाभर टाळलं.

गेल्या शनिवारी सभागृहाचं उद्घाटन झालं. त्या चौदा मुलींनी नाटक केलं आणि मागच्या सातजणींना डोकी होती. एकीला रडायचं होतं, तर शेवटच्या रांगेतून तिचे डोळे दिसले. माझी छाती शर्टात मावत नव्हती, खोटं कशाला सांगू. नंतर मुख्याध्यापिकाबाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "यांनी कुठलंही शिक्षण न घेता हे सगळं केलं. अशा कामाला शिक्षण लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं." टाळ्या सुरू झाल्या. माझंच खोटं, हार घालून परत माझ्या हातात. शेजारी ताई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर बघत राहिली.

मला भाषण येत नाही, तुला माहीत आहे. पण मी म्हणालो, "बाई, माफ करा, तसं नाही. शिक्षण लागतं. मी शिकलो नव्हतो म्हणून पहिल्यांदा तुमच्या मुलींची डोकी गेली. हे शिकली आहे माझी भाची, याच शाळेची. तिचं काम तीनदा चोरून पाहिलं, तेव्हा मला हे जमलं. आणि तिला शिकू देऊ नका असं सांगणारा मीच होतो." टाळ्या थांबल्या होत्या. पुढे आणखी बोलणार होतो, पण आवाज बसला, मग मीही बसलो. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. एवढ्या वर्षांत माझ्या कामाचं मला इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं, आणि ते दिव्यांमुळे नव्हतं.

वाटेत ताई म्हणाली, "तिकिटं काढ."

सव्वीस तारखेच्या दुपारच्या प्रयोगाची दोन काढली आहेत, सातव्या रांगेतली. ताई येणार, ते तुला विचारून नाही. तुझं एकही नाटक तिने पाहिलेलं नाही, याला कारण मी आहे आणि ते मला आता मिटवायचंय. दुसऱ्या खुर्चीवर मी बसायचं की नाही, हे मात्र तू ठरव. नको म्हणालीस तर ताईला जागेवर बसवीन आणि प्रयोग संपेपर्यंत बाहेर बाकावर थांबेन. वाईट वाटेल, पण राग येणार नाही. आत घेतलंस तर या खेपेला दिवे लागायच्या आत पळून जाणार नाही. सगळे बाहेर पडेपर्यंत बसून राहीन. तेव्हा काय बोलायचं ते बोल, आठ वर्षांचं साचलेलं असेल. मी हलणार नाही.

उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल.

तुझा अभिमान बाळगायचा हक्क गमावून बसलेला, आणि तरीही तो बाळगणारा,
तुझा मामा