मी मध्येच बोलले होते

१२ ऑगस्ट, रविवार

लाडके ठमे,

खूप आशीर्वाद आणि एक पापा.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, तरी काल शिडीवर चढून पंखा पुसला. हॉटेलच्या लिनन रूममध्ये नवीन शिलाई मशीन आलंय. चारशे चादरींच्या कडा मारायच्यात आणि मशीन अजून मला ओळख दाखवत नाही.

फोन उचलत नाहीस. "येऊ नकोस" एवढाच मेसेज आला, म्हणून लिहितेय; आज रात्रीच्या बसच्या कंडक्टरकडे पत्र देईन. रागावले नाहीये गं.

गुरुवारी तुझ्या खोलीतली मैत्रीण, ती नर्स, माझ्याशी बोलली. ऑपरेशनचे टाके भरलेत, पण ही शाळेत शिकवायला जात नाही, जेवत नाही, म्हणाली. आणि तू तिला जे म्हणालीस तेही तिने सांगितलं: "सकाळी जागच आली नाही तर बरं." त्यानंतर मी शिवलेले सगळे अभ्रे उलटे निघाले.

शुक्रवारी रजा टाकली आणि इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एन्डोमेट्रिओसिस, तुझं ऑपरेशन झालं ते पाळीचं दुखणं. हा शब्द मी रिक्षात घोकत गेले. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं दुखत राहिलं आणि कुणी खरं मानलं नाही, की मन खचतं. तो मुलीचा दुबळेपणा नव्हे. त्यावरही उपचार आहेत.

मी त्याच खुर्चीत बसले होते, ठमे. चार वर्षांपूर्वी तुला घेऊन बसले होते तिथेच. कधीपासून दुखतं, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, तेराव्या वर्षापासून. आणि मी मध्येच बोलले, "तशी ही लहानपणापासून हळवीच आहे." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. ती चार वर्षं मी घालवली.

का बोलले, ते सांगते. तुझं खरं मानलं असतं तर माझंही खरं मानावं लागलं असतं. दर महिन्याला मी तोंडात टॉवेल धरून बाथरूममध्ये बसायचे. तुझी आजी म्हणायची, बाईला एवढं असतंच. मीही तेच धरून बसले.

तुला मी चिडकी आई म्हणून आठवत असेन. तू नऊ वर्षांची असताना इस्त्रीच्या चादरींवर पाणी सांडलंस आणि मी तुला मारलं. चादरींसाठी नव्हतं गं ते. त्या दिवशी मला सरळ उभं राहवत नव्हतं. पण हात माझाच होता, तो मी दुखण्याच्या नावावर टाकणार नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पंख्याचं फडकं खाली ठेवलं. मग विचारलं, "मला का नाही बोललीस?" मी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत बसले.

डॉक्टरीणबाईंनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला होता, माझ्यासाठी. कालच गेले. दहा मिनिटं नव्या मशीनबद्दल बोलले आणि मग रडले. बाईंनी घाई केली नाही. पुढच्या शनिवारी परत बोलावलंय. तुझ्यासाठी तुझ्या गावातल्या अशाच दोघींची नावं घेऊन ठेवलीत. जायचं की नाही, ते तू ठरव.

मंगळवारी सकाळच्या बसने येतेय. नको म्हणालीस तरी येतेय, एवढं माझं ऐक. दार उघडावंसं वाटलं नाही तर शेजारच्या खोलीत थांबेन. खोली आवरू नकोस, केसही विंचरू नकोस. आणि जागच येऊ नये हा विचार त्याआधी परत आला, तर त्या क्षणी मैत्रिणीला हाक मार. तिने मला शब्द दिलाय.

उशिरा का होईना, तुझं दुखणं खरं मानणारी,

आई