हत्तींचं जाहीर वाचन

मार्साबिट, केनिया
१२ जून १९९१

ती. नानांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मितालीला इथे आणण्यासारखी जागा आहे का, ते ठरवण्यासाठी आपण डोंगराची माहिती मागितलीत, ती देतो. चारी बाजूंना काळ्या दगडांचं वाळवंट आणि मधोमध हा एकटाच हिरवा डोंगर. रात्री धुकं चढतं, सकाळी झाडांवरून ठिबकतं. जंगल त्यावरच जगतं. बारमाही नदी नाही, म्हणून तर आमच्या कंपनीला इथे पाण्याचे पंप बसवायचं काम. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे, तिथे दुपारी हत्ती येतात. सुळे जमिनीला टेकायला आलेले. ते शाकाहारी आहेत असं आईला सांगावं. माकडं मात्र घरात शिरतात.

सौ. मितालीस कळवावे की माझी प्रकृती ठीक आहे.

आपला आज्ञाधारक,
सुशांत

पनवेल
७ जुलै १९९१

प्रिय सुशांत, स. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणं झाल्यावर नानांनी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. शेजारचे दयारामकाका चहाचा कप घेऊन आले होते. न्हावा शेव्याला बंदरात नोकरी मिळत असताना हा डोंगरावर का गेला, असं त्यांनी याही वेळी विचारलं. माझ्या वाट्याला तुझी प्रकृती आली.

आता नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी वाचायला बंदी केलीय. पुढची पत्रं मी वाचून दाखवायची आहेत. तेव्हा पाकिटावर नाव नानांचंच ठेव आणि आत मला लिही. हत्ती मी माझ्या मनाचे वाचीन. एवढंच खरं सांग, मी तिथे यावं असं तुला वाटतं का? डोंगर मला पाठ झाला, पण तू कोणत्या कुशीवर झोपतोस ते विसरायला लागलेय. नको असेन तर तसं लिही, पुन्हा विचारणार नाही.

उत्तरापुरता तरी लोभ असू दे.
मिताली

मार्साबिट
२८ जुलै १९९१

प्रिय मिताली,

सवयीनं पहिली ओळ धुक्याचीच लिहिली होती, खोडली. ये. तळ्यावर पहिल्यांदा हत्ती पाहिले तेव्हा तुला सांगायला शेजारी वळलो, तर ड्रायव्हर होता. त्याला मराठी येत नाही. मला तू इथे हवी आहेस. नानांना विचारायचं धाडस मात्र होत नाही. ते नाही म्हणाले की विषय संपला.

तुझाच,
सुशांत

पनवेल
२ सप्टेंबर १९९१

चि. सुशांतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकाच पानाचं होतं. त्यातून सूनबाईंनी अर्धा तास हत्ती वाचले. तू अलीकडे बरं लिहू लागला आहेस, असं सर्वांचं मत पडलं. माकडांपाशी आल्यावर तिचा आवाज भरून आला. दयाराम म्हणाले, माकडं फारच त्रास देत असावीत.

माझी पट्टी निघाली, नवा चष्माही आला आहे. पण ते पत्र मी मागितलं नाही, तुझ्या आईलाही मागू दिलं नाही. बाईमाणसाला जंगलात कसं ठेवायचं, असं मी म्हणत होतो. इथे ठेवून आपण तिचं काय भलं केलं, असं तुझ्या आईनं विचारलं. काल सूनबाईंच्या पासपोर्टचा अर्ज भरला.

लोभ आता तिच्यावर कर. उरेल तेवढा आम्हाला पुरे.

प्रभाकर