चटया सोडून ठेव

ऑकलंड, रविवार

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. काळ्या डुकरिणीला पिल्लं झाली का?

मला व्हिसा-सल्लागाराचा कच्चा परवाना मिळाला. पक्का मिळेपर्यंत माझं प्रत्येक पत्र ऑफिसातल्या वरिष्ठ व्हायनाबाई तपासतात. शुक्रवारी चर्चमधले एक म्हातारे काका आपला व्हिसा होईल का विचारायला आले. मी म्हटलं, "होईल काका." मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "आशीर्वाद द्यायचेत तर पाद्री हो, बाबा. जो अर्ज टिकणार नाही, तो टिकणार नाही असं लेखी द्यायचं. पुन्हा चुकलास तर तुझ्या पक्क्या परवान्यावर मी सही करणार नाही."

काकांना लिहून दिलं. परवा बाजारात आपल्या बेटावरचा तारोचा कंद दिसला, पण मऊ पडलेला. बघ, पुन्हा भरकटलो.

लोसेमावशी म्हणाली, इकडे यायला तू चटया बांधून ठेवल्या आहेस. आई, तुझा अर्ज टिकणार नाही. मुलाची वर्षानुवर्षांची सलग कमाई दाखवावी लागते, आणि मी तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या. चूक माझी आहे. चटया सोड, त्यांच्यावर झोप.

ही नोकरी सोडणार नाही.

हे पत्र बाईंनी तपासलेलं नाही.

तुझाच भटक्या,
सेमिसी