मागच्या खोलीची कडी

प्रिय निर्मला,

आत्मा-बित्मा काही नसतो, हे मी विहारात वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. आणि आज मीच तुला पत्र लिहायला बसलोय. हसशील? हस बापडी. पण कालचं सगळं सांगायला या घरात दुसरं आहे कोण?

तू गेल्यापासून विहाराची मागची खोली बंदच होती. काल ती उघडली.

आठवतं ना? लग्न लावायला मी पुढे बसायचो आणि तू नवरीला पांढरी साडी नेसवायला मागे न्यायचीस. तिची आई, मावशी, करवल्या, सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी लावायचीस. बाहेरची कडी तर तू मला उखडायलाच लावली होतीस. मी दारावर टकटक करायचो, "आवरा आता." आतून तुझं ठरलेलं उत्तर यायचं, "आपल्यात मुहूर्त कुठंय? मग घाई कुणाला झाली?"

एक साडी नेसवायला एवढा वेळ? मला वाटायचं, बायकांच्या गप्पा. आत तू काय विचारायचीस, ते मला कधी सांगितलं नाहीस.

काल फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली मुलगी आली होती, प्रज्ञा. आईबाप नाहीत, काकानं वाढवलेली. नवरा परराज्यातला, मराठीचं अक्षर येईना. लग्न जमवणारी बाई सोबत होती. तिकडचेही आपलेच बौद्ध लोक आहेत, खर्च सगळा ते करणार, असं तिनं सांगितलं, म्हणून काका खूश. मुलीला साडी घरूनच नेसवून आणली होती. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या, मग सुरू करू. तर ती बाई म्हणाली, "गुरुजी, उरका लवकर. मुहूर्त टळून चाललाय."

मुहूर्त! आपल्या विहारात! मेणबत्ती लावायला पेटवलेली काडी मी तशीच विझवली. घाई कुणाला झाली, ते मला कळलं.

पण मुलीशी बोलणार कोण? दुपारची वेळ, वस्तीतल्या बायका कामावर गेलेल्या. मी पुरुषमाणूस, आत कडी लावून कसा बसणार? नेमकी अशा वेळी तू नाहीस. रागच आला तुझा.

शेवटी समोरच्या गल्लीतून कौसरभाभींना बोलावलं. त्या बायकांना कुराण शिकवतात ना, त्याच. पिठाच्या हातानं आल्या, मला काही विचारलं नाही, मुलीला आत नेलं आणि कडी लावली. बाई बाहेर येरझाऱ्या घालत होती, नवरदेव फोनवर कुजबुजत होता.

दार उघडलं तेव्हा प्रज्ञा माझ्याकडं बघून म्हणाली, "हिनं माझ्या मैत्रिणीचंबी असंच लगीन लावलं. लई दिस झालं, तिचा फोन लागंना. मला नाय जायचं, गुरुजी. पर मला कुणी इचारलंच नाय."

मी पोलिसांना फोन केला. लग्नाच्या नावाखाली पोरी विकायचा धंदा होता तो. प्रज्ञा आता महिलांच्या आधारगृहात आहे. मैत्रिणीचा शोध सुरू आहे, अजून लागलेला नाही.

निघताना कौसरभाभींनी सांगितलं, आत काय विचारायचं ते त्या तुझ्याकडूनच शिकल्या, निकाहाआधी मुलींना त्याही तेच विचारतात. शेजारणीला सांगितलंस आणि मला नाही? तुझा प्रश्न मला काल कळला, "तिथं रडू आलं तर फोन कुणाला करशील?" उत्तर आलं नाही, तर तू स्वतःचा नंबर पाठ करून घ्यायचीस.

म्हणून त्या परक्या मुलींचे फोन यायचे होय! आणि मी तुझा नंबर बंद करायला निघालो होतो.

रविवारी वंदनेनंतर मी सगळ्यांना सांगणार आहे. कौसरभाभी त्यांच्या बायकांना सांगतील, देवळातल्या भजनाच्या बायकांकडेही आम्ही दोघं जाणार आहोत. लग्न कुठंही लागो, आधी मुलीशी एक बाई एकटी बसेल, दार आतून बंद करून. मी दारावर टकटक करणार नाही. तुझा फोन चालू राहील आणि वाजला की मी उचलीन, हा माझा शब्द.

फक्त मला रडू आलं तर फोन कुणाला करायचा, ते तू कधी विचारलं नाहीस.

जयभीम.

तुझा,
भास्कर