रकाना क्रमांक चौदा

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिक्षण व विवाह साह्य समिती,
वेळशी जमात, कुवेत शाखा,
हवल्ली, कुवेत.

अर्जदार: नूरुद्दीन इब्राहीम मुकादम, सभासद क्र. ४१, मूळ गाव वेळशी, जि. रत्नागिरी. हल्ली मुक्काम फिंतास. नोकरी राई येथे, मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर.

विषय: बिनव्याजी शैक्षणिक कर्जाच्या अर्जातील रकाना क्र. १४ मध्ये मी लिहिलेल्या मजकुराबाबत.

संदर्भ: (१) माझा दि. २ मे २०२५ चा अर्ज.
(२) समितीचे दि. २३ मे २०२५ चे नामंजुरीचे पत्र.
(३) त्याच दुपारी जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यात आलेला माझ्या अर्जाचा फोटो.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करतो की, माझी धाकटी मुलगी इक्रा, वय १८, ही येथील भारतीय शाळेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला पुण्याबाहेरील टेकडीवरच्या एका छोट्या निवासी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. तेथे सर्व वर्षांचे मिळून तीनशे चाळीस विद्यार्थी आहेत. अभ्यासक्रमाचे नाव लिबरल आर्ट्स. हे काय असते, असे समितीने मला तीन वेळा विचारले, म्हणून चौथ्यांदा लिहितो. पहिली दोन वर्षे इतिहास, वनस्पती, गणित, भाषा असे सगळे शिकवतात, मग काय पुढे न्यायचे ते विद्यार्थी ठरवतो. खजिनदार साबीरभाईंनी भर बैठकीत विचारले, "पन शेवटाला ती होनार काय?" आदल्याच दिवशी मी घरी तोच प्रश्न विचारला होता आणि इक्रा म्हणाली होती, "आय डोन्ट नो यट, अब्बा." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी समितीला सांगितला नाही, कारण छापील अर्जात त्यासाठी जागा नव्हती.

२. महाविद्यालयाने निम्मी फी माफ केली आहे. राहिलेला खर्च, राहणे-जेवण धरून, चार वर्षांचा अठरा लाख रुपये, म्हणजे सुमारे ६,४०० दिनार. पैकी ३,४०० दिनार माझ्याकडे होते. उरलेल्या ३,००० दिनारांसाठी मी जमातीकडे आलो. मी गेली सत्तावीस वर्षे दर महिन्याला जमातीची वर्गणी भरत आलो आहे. एक महिना चुकला, तोही करोनात गोदाम बंद होते तेव्हाचा, आणि तो मी पुढच्या महिन्यात दुप्पट भरून पुरा केला.

३. आता रकाना क्र. १४. 'शिक्षणाचा खर्च किती वर्षांत भरून येईल?' हा रकाना पूर्वी नव्हता. रफीकभाईंच्या मुलाने वैमानिक होण्यासाठी कर्ज घेतले, विमान काही उडाले नाही, आणि समितीने मुलाला जाब विचारण्याऐवजी अर्जात रकाना वाढवला. पाच वर्षांपेक्षा अधिक लागणार असतील तर अर्ज नामंजूर, असा ठराव झाला. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य समजतो. तेव्हा इक्रा दहावीत होती आणि मला वाटले होते की ठराव चांगला आहे.

४. माझा धंदा आपणांस ठाऊक आहे. कोणता माल किती दिवसांत उठतो आणि कोणता फळीवर पडून राहतो, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. दर डिसेंबरात आमच्याकडे जरद असते, म्हणजे साऱ्या मालाची मोजणी, आणि माझ्या मोजणीत आजवर फरक निघालेला नाही. एकदा संगणक म्हणाला एकशे बारा फ्युएल पंप, मी म्हणालो एकशे एक. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, संगणकवाल्याला पुन्हा मोजायला लावले, आणि अकरा पंप शुवैखच्या दुकानात सापडले. तेव्हापासून आमच्या घरात 'अब्बा मोजण्यात चुकत नाहीत' हे वाक्य मुली शाळेतल्या कवितेसारखे म्हणत आल्या आहेत. सबब, रकाना १४ समोर आल्यावर मी दुसऱ्या कोणाला विचारले नाही. जोडलेल्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. खर्च अठरा लाख. असे शिकलेल्या मुलीला पहिली नोकरी पंचवीस हजारांची. त्यातून पुण्यात राहण्याचा खर्च ११,४०० वजा. शिल्लक १३,६००. एकूण एकशे बत्तीस महिने, म्हणजे अकरा वर्षे. इतर बाप येथे 'तीन' असे लिहून मोकळे होतात, हे मला माहीत होते. मी अकरा लिहिले. पोटच्या मुलीला फळीवर ठेवून तिच्यापुढे चिठ्ठी लावली, कारण सत्तावीस वर्षांनंतर हाताला दुसरे काही येतच नाही.

५. अर्ज नामंजूर झाला. नियमाप्रमाणे झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढील गोष्टीची आहे. त्या जुम्म्याला नमाजानंतर साबीरभाईंनी मला बाजूला घेतले आणि आपुलकीने म्हणाले, "नूरुभाय, तिच्या लग्नाचा अर्ज करा ना. उद्या पास करतो." ते खोटे बोलत नव्हते. विवाह साह्याच्या अर्जात एकूण नऊ रकाने आहेत आणि चौदावा नाही. रक्कम मात्र तीच, ३,००० दिनार.

माझी थोरली मुलगी फरहीन हिच्या लग्नासाठी मी हेच ३,००० दिनार याच समितीकडून घेतले होते. अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. मुलगा काय करतो, खर्च किती वर्षांत भरून येईल, पाच की अकरा, हे कोणी विचारले नाही. आपण स्वतः पेढे घेऊन फिंतासला आला होतात. खेडला हॉल घेतला, सहाशे माणूस जेवले. चौदा महिन्यांनी फरहीन एका बॅगेसह परत आली. का, ते या अर्जात लिहिणार नाही. कर्जाचे छत्तीस हप्ते मी एकही न चुकवता फेडले. त्यातले बावीस ती घरात येऊन बसल्यानंतरचे होते. दर महिन्याला ती विचारायची, अब्बा, हप्ता गेला का? आणि मी म्हणायचो, गेला. आज ती येथील एका पाळणाघरात लोकांची मुले सांभाळते. त्या कर्जाचा रकाना १४ भरायचा झाल्यास काय भरावे, हे समितीने मला कृपया कळवावे.

६. आणखी एक बाब, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. महाविद्यालयाला पाठवायच्या निबंधासाठी इक्राने गेल्या वर्षी आपल्या जमातीतील चौदा वृद्धांना गाठून ते कुवेतला प्रथम कसे आले, हे विचारले आणि सर्व ध्वनिमुद्रित केले. त्यांत, अध्यक्षसाहेब, आपले वडील, वालिद मरहूम होते. ते तिच्यापाशी दोन तास बोलले. पहिल्या रमजानात खोलीवर सहा जणांत एकच पातेले होते, तेही सांगितले आणि रडले. घरात इतके कधी बोलले नाहीत, असे आपणच म्हणाला होतात. जानेवारीत त्यांचा इंतकाल झाला. चाळिसाव्याच्या आधी आपण माझ्या घरी येऊन ते मुद्रण पेन ड्राइव्हवर मागून नेलेत आणि इक्राच्या डोक्यावर हात ठेवलात. तो आवाज आज आपल्या घरात आहे. ते काम म्हणजेच ती मुलगी जे शिकायला निघाली होती ते, जनाब. त्याचे मासिक उत्पन्न किती धरायचे, हे मला त्या कागदावर मांडता आले नाही. म्हणून मी ते शून्य धरले.

७. नामंजूर अर्ज ग्रुपवर टाकण्याची समितीची पद्धत आहे, 'इतरांना मार्गदर्शन व्हावे' म्हणून. तसा माझाही फोटो टाकला गेला, हिशेबाच्या कागदासह. इक्राने तो माझी पत्नी कुबरा हिच्या फोनवर पाहिला. दोन दिवसांनी मला माझ्या मूळ कागदाची घरची प्रत जेवणाच्या टेबलावर सापडली. तिच्यावर पेन्सिलीने दुरुस्ती होती. पुण्यात राहण्याचा खर्च मी कमी धरला होता, तो तिने १४,००० केला. शिल्लक ११,०००. अकरा वर्षे खोडून त्याजागी तिने तेरा वर्षे आठ महिने लिहिले होते. मी पडताळून पाहिले. तिचा आकडा बरोबर आहे.

त्याच दिवशी तिने महाविद्यालयाला ईमेल करून जागा नको असल्याचे कळवले आणि हवल्लीच्या एका क्लासात मेडिकल कोडिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्ससाठी नाव घातले. मी रागावलो. मी ओरडलो, हे मान्य करतो. ती म्हणाली, "इट्स ओके, अब्बा. तुम्ही कधी मोजण्यात चुकता का?" त्यात टोमणा नव्हता, हेच मला सहन होत नाही.

८. सबब, आता मी समितीकडे पैसे मागत नाही. डिसेंबरात कायमचे गावी जायचे ठरले होते, कुबराने वेळशीच्या घरासाठी रंगही निवडून ठेवला होता. ते रद्द केले आहे. अरबाबने चार वर्षांचा करार वाढवून त्यापोटी ३,००० दिनार आगाऊ देण्याचे कबूल केले असून ते दरमहा पगारातून कापले जातील. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, एकसष्टाव्या वर्षी सुटेन. माझा खर्च किती वर्षांत भरून येईल, हे कोणी विचारले नाही, आणि विचारू नये. महाविद्यालयाकडून लेखी उत्तर आले आहे की, इक्राने स्वतः कळवल्यास जागा ३० जूनपर्यंत राखून ठेवू. पैसे आहेत, जागा आहे. फक्त ती जायला तयार नाही. कुबराने समजावले, फरहीनने समजावले. आमच्या तिघांचे मिळून वजन त्या एका कागदाइतके होत नाही, कारण तो माझ्या हातचा आहे.

९. म्हणून जी गोष्ट मी सत्तावीस वर्षांत अरबाबलाही सांगितलेली नाही, ती येथे लेखी कबूल करतो. आमच्याकडे एका जुन्या जपानी गाडीचा कार्ब्युरेटर नऊ वर्षे पडून होता. सलग सात जरदांत मी त्याच्यापुढे 'पडून' असे लिहिले आणि शेवटी भंगाराच्या यादीत चढवला. भंगारवाला दोन दिवस उशिरा आला. त्या दोन दिवसांत जहराहून एक म्हातारा गृहस्थ आला. तोच भाग तो तीन वर्षे सगळीकडे शोधत होता. पेटी उघडून त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि किंमत न विचारता नोटा काउंटरवर ठेवल्या. मी भंगाराची यादी फाडली, दुसरी लिहिली, आणि मोजणीत फरक नाही म्हणून सही केली. माझा हिशेब चुकला होता. मी तो लपवला. हे मी इक्राला परवा सांगितले. ती म्हणाली, तुम्ही मला बरे वाटावे म्हणून बनवून सांगताय.

१०. माझ्या शब्दावर माझ्याच मुलीचा विश्वास बसत नाही, कारण माझ्या आकड्यावर तिचा फार विश्वास आहे. शिक्का मारलेला कागद मात्र ती मानते. इकाम्याच्या, म्हणजे येथे राहण्याच्या परवान्याच्या, रांगा बघत वाढलेली मुलगी आहे, शिक्क्यावाचून येथे काहीच खरे नसते हे ती पाळण्यापासून शिकली आहे. तरी समितीस विनंती की, सोबत जोडलेल्या मसुद्याप्रमाणे एक दाखला आपल्या सही-शिक्क्यानिशी, येत्या जुम्म्याच्या आत, मला द्यावा आणि जेथे माझा अर्ज टाकला होता त्याच ग्रुपवर टाकावा. यापुढे मला जमातीचे कोणतेही कर्ज देऊ नये, हप्त्यांचा माझा लौकिक रद्द करावा, स्टोअरकीपर म्हणून माझी हवी तेवढी बेअब्रू व्हावी, माझी हरकत नाही. रकाना १४ ठेवायचा की काढायचा हे समितीने फुरसतीने ठरवावे. मला ३० जूनची घाई आहे.

कळावे, आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

नूरुद्दीन इब्राहीम मुकादम
सभासद क्र. ४१
फिंतास, दि. १४ जून २०२५

सोबत:
(१) महाविद्यालयाचे जागा राखून ठेवल्याचे पत्र.
(२) अरबाबशी झालेल्या कराराची प्रत.
(३) रकाना १४ चा हिशेब, इक्राच्या पेन्सिलीच्या दुरुस्तीसह. हा पाहून झाल्यावर परत करावा.
(४) दाखल्याचा मसुदा, पुढीलप्रमाणे. सहीची व शिक्क्याची जागा सोडली आहे.

'दाखला देण्यात येतो की, सभासद क्र. ४१ नूरुद्दीन मुकादम यांनी त्यांची मुलगी इक्रा हिच्याविषयी केलेला हिशेब या समितीने तपासला असून तो चुकीचा आढळला आहे.'