वातीचा कापूस

शुभमचे बाबा,

सकायच्या एसटीनं मी अमरावतीले चालली, दवाखान्यातल्या हार्टच्या व्यायामाच्या क्लासले. काल तिथली सिस्टर फोनवर म्हने, "काकू, तुमी येनार नाही असं काकांनी कळवलं. घरकाम हाच तिचा व्यायाम, म्हनले." मले एका शब्दानं इचारलं नाही तुमी.

तुमाले अटॅक आला तवा अख्खं घर तुमाले त्या क्लासले नेऊन सोडे. पान्याचा गिलासही उचलू देल्ला नाही मी. माह्या हार्टमंदी तशीच स्प्रिंग टाकली, अन् दवाखान्यातून घरात पाय ठेवला तं तुमी पयलं इचारलं, "चहा ठेवतं काय वं?"

काठवट ओट्यावर आहे, जवारीचं पीठ डब्यात. भाकर थापा, तुमचाही व्यायाम होईल.

तुमचे क्लासचे पांढरे बूट मी घालून चालली. ढिले होते, म्हनून देवाच्या वातीचा कापूस आत कोंबला. संध्याकायी दिवा लावाचा असंन तं नवा कापूस आना अन् वात तुमीच वळा.

माणिक